हाशिमभाईंची मुकी कुत्री

महरीन बेटा,

सकाळी अंगणात नुसती साखळी होती. शेळ्या राखणारी आपली शेवटची कुत्री बिबट्याने नेली. मी पडवीतच निजलो होतो, पण तिने हूं की चूं केलं नाही.

करणार कशी? भुंकण्याने शेळ्या बिथरून कातळसड्याच्या कडेवरून पडायच्या, म्हणून तीस वर्षं मी मुकी पिल्लंच राखली. भुंकणारी देऊन टाकली, तुझं लाडकंसुद्धा. मंडणगडभर लोक म्हणायचे, "जात घडवावी तर हाशिमभाईंनी!"

निकाहाला मर्जी विचारली, तेव्हा तूही गप्प होतीस. पोरगी गुणी निघाली, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

परवा फोनवर तुझ्यामागे जावई ओरडत होते. तू म्हणालीस, "बरी आहे, अब्बा." मीही पुढे काही विचारलं नाही.

हे पत्रसुद्धा टपालात टाकायचं धाडस होत नाही.

तुला गप्प राहायला शिकवणारा,
अब्बा