प्रभाकरचे अवघड जागचे गळू

ठाणे, वैशाख शुद्ध ११, शके १८११

चि. प्रभाकर यास गोदाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. भाच्याची मुंज, आणि सख्खा मामा पंगतीला न बसता कल्याणला पळाला! सासूबाई म्हणतात, मानपानात काही चुकले असेल. मी तर कोठीत जाऊन रडले. रुसलास तर कशावरून, ते तरी लिही. रागावले तरी तुझीच बहीण आहे.

कल्याण, वैशाख शुद्ध १४

ती. सौ. गोदाताईस प्रभाकरचा सा. न. वि. वि. रुसलो नव्हतो गं, मला बसताच येत नव्हते. माकडहाडाशी गळू झाले आहे. गेल्या साली न्हाव्याने कापले, बरे वाटले, पुन्हा भरले. आता बारीकशा भोकातून पू येतो. कचेरीत एका कुशीवर टेकून लिहितो. जागाच अशी, की वैद्यापुढेही धोतर सोडवत नाही. कोणास सांगू नकोस, भावोजींना तर मुळीच नको. धाकट्यावर माया असू दे.

ठाणे, वैशाख वद्य २

चि. प्रभाकर यास अ. आ. वि. वि. तुझे पत्र मी लगेच इकडे दाखवले. शिव्या मागाहून दे. इकडून तडक इस्पितळात जाऊन डाक्टरांना विचारणे झाले. ते म्हणाले, बसून बसून घामाने नि घासण्याने केस कातडीत शिरतात आणि आत नळी होते. वरून टोचले तर नळी तशीच राहते. ती उघडून केस काढायचे आणि जखम न शिवता तळापासून भरू द्यायची. क्लोरोफॉर्म देतात, कापलेले कळतही नाही. लाज कसली? तुझे ढुंगण मी पाळण्यापासून पाहिले आहे. रजा टाकून नीघ. वाट पाहणारी, ताई.

कल्याण, श्रावण शुद्ध ३

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि. सुखरूप पोचलो. जखम भरून कोरडी आहे. तेथले केस न्हाव्याकडून काढवतो, मधूनमधून उठून फेऱ्या घालतो. आतून निघालेला केसांचा पुंजका पाहून मी घाबरलो होतो, पण भावोजी शांत. एरवी माझ्याशी दोन शब्द न बोलणारे भावोजी रोज शाळेत जाण्याआधी कार्बोलिकच्या पाण्याने जखम धूत, आत कापडाची वात भरत. मी ओरडलो की पाढे म्हणायला लावीत, मी चुकलो की खो खो हसत. बरा झालो, एवढेच वाईट: आता ठाण्यास राहायला निमित्त उरले नाही. लोभ कमी होऊ देऊ नये.

ठाणे, श्रावण शुद्ध ५

चि. प्रभाकर यास अ. आ. वि. वि. पत्र वाचून दाखवले. इकडून सांगणे झाले, की शनिवारी कचेरी सुटताच गाडीत बसावे, घ्यायला स्टेशनावर स्वतः येणे होईल. एवढी वर्षे मी माहेराहून येते रे, मला घ्यायला कधी गडीसुद्धा आला नाही! तुझी, ताई.