सतराशे चाळीस अर्ज

४ मार्च
— आणि पुन्हा तोच मोबाइल नंबर. यादी खाली सरकवत गेले. दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज दोन हजार एकशे बारा. त्यांतले सतराशे चाळीस या एकाच नंबरवरून. माझ्याच अहवालात लिहिलंय : लोक आता घरबसल्या अर्ज करतात, तीन नंबरची खिडकी एक एप्रिलपासून बंद करावी.
नंबर लावून पाहिला. खिडकीवरच्या बाईंनी उचलला.

५ मार्च
खाली गेले. बाई काचेआड, समोर एक आजोबा. त्यांचा अर्ज बाई स्वतःच्या मोबाइलवर भरत होत्या.
"कागदी अर्ज तुम्हीच बंद केलेत ना मॅडम? मग ह्यांना काय परत पाठवू?"
"पण नंबर तुमचा?"
"ह्यांच्याकडे फोन असता तर इथे कशाला तडमडले असते!"
आजोबा म्हणाले, "हळू बोला बाई, मला ऐकू येतं."
बारा वर्षं या खात्यात सुधारणा करते आहे. त्या काचेच्या आत आज पहिल्यांदा गेले.

६ मार्च
नवऱ्याला सांगितलं. भाजी चिरता चिरता म्हणाला, "म्हणजे तुमची क्रांती एका बाईच्या अंगठ्यावर चालली होती."

७ मार्च
साहेबांना म्हटलं, अहवाल चुकलाय. म्हणाले, "चुकला कुठे? अर्ज ऑनलाइनच आलेत. कुणी भरले हे कुणी विचारलंय?" माझ्या बढतीची फाइल वर गेली आहे, तेही सांगितलं. सहज.

११ मार्च
दुरुस्त अहवाल थेट मुख्यालयात पाठवला. खिडकी चालू ठेवावी, असं स्पष्ट लिहिलं. बाईंचा उल्लेख कुठेही केला नाही. पुराव्यादाखल पूर्ण यादी जोडली. नाहीतर विश्वास कोण ठेवणार?

१४ मार्च
खिडकी राहणार! बाईंना सांगायला धावत खाली गेले. म्हणाल्या, "बरं झालं. नोकरीची अजून सहा वर्षं आहेत माझी. एवढ्यात कुठे नवी जागा शोधू?" मग रांगेकडे वळल्या. "चला, पुढे कोण?"

१५ मार्च
सकाळी खिडकी वेळेवर उघडली. बाई निलंबित. कारण : नागरिकांच्या अर्जांत खासगी नंबर वापरला. पुरावा : माझी यादी. दुसरं कुणी मिळेपर्यंत त्यांच्या जागी मी.
रांगेतली पहिली बाई म्हणाली, फोन नाही. मी माझा नंबर घातला.