उणे चाळीस अंशांची गाडी

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (राग आहे, तरी पूर्ण वाकून घातला आहे.) तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? गेला असेल तर हे पत्र तिलाच वाचायला दे. मोठ्याने.

तुझी जुनी गाडी मला देताना 'डोळे झाकून चालव' म्हणाला होतास. दादा, डोळे उघडे ठेवूनही समोरचं दिसत नव्हतं, इतका काळा धूर! प्रत्येक सिग्नलला बंद पडायची आणि पेट्रोल तर अशी प्यायची, की जणू फुकटच मिळतंय. इकडे माझे पेशंट गुडघे उघडे टाकून वाट बघत बसायचे. (घरोघरी जाऊन व्यायाम करून घेणारी बाई स्वतःच धापा टाकत पोचली, तर कोण विश्वास ठेवणार?)

गॅरेजवाल्याने गाडीचा बिघाड वाचणारं त्याचं मशीन आणलं, तर त्याची पिनच बसेना. म्हणाला, "ताई, हिच्या इंजिनाचा कॉम्प्युटर फार जुना. आमच्याशी बोलतच नाही. भंगारात द्या." बोलत नाही म्हणून भंगारात? लग्नानंतर सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या, म्हणून त्यांना मी भंगारात दिलं का? पण आमच्या ह्यांना पटलं. परस्पर भंगारवाल्याला रविवारचं बोलावूनही मोकळे!

मग मात्र माझं डोकं फिरलं. तिच्याशी बोलणारं मशीन मीच करायचं ठरवलं. मोडक्या प्रिंटरची केबल कापली, बाजारातून एक बोटाएवढं सर्किट आणलं, डाग देऊन जोडलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसले. पहिल्यांदा चुकून हॉर्नची वायर धरली. हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. अख्खी गल्ली खिडक्यांत, आणि हे फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, "माझा काही संबंध नाही." दुसऱ्यांदा पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. म्हणजे तीसुद्धा मलाच विचारत होती! शेवटी कळलं, जुन्या कॉम्प्युटरशी सावकाश बोलावं लागतं. वेग कमी केला, आणि दादा, ती बोलली!

काय बोलली? इंजिनाचं तापमान उणे चाळीस. बॉनेटवर माझा तळहात भाजत होता, आणि ही बया बर्फात गारठून बसली होती! थंडी वाजते म्हणून पेट्रोलवर पेट्रोल ओतत होती. वाकून पाहिलं, तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग निसटून लोंबकळत होता. दाबला. टक् झालं. धूर बंद.

भंगारवाला आला, त्याला त्याच गाडीतून त्याच्या दुकानापर्यंत सोडून आले. परतले तर हे शेजाऱ्यांना सांगत होते, "मी म्हणतच होतो, वायर सैल असणार." त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं नाही.

आता तुझं. वहिनी फोनवर सांगत होती, गाडी देण्याआधी तू हौसेने इंजिन खसाखसा घासलंस. दादा, तो प्लग कोणी उपटला, हे मी विचारत नाही. तूच सांग.

तुझी (नाइलाजाने) धाकटी बहीण

ता. क. रागावू नकोस. गाडी छान चालते. परत मागू नकोस.

आणखी ता. क. आता गाडीला काहीच होत नाही, त्यामुळे मशीन नुसतं पडून आहे आणि मला करमत नाही. ते दुसऱ्या कुठल्या गाडीला बसतही नाही. तुझ्या त्या टकल्या मित्राकडे अगदी अशीच गाडी होती ना? ती बिघडली आहे का? नसेल, तर एकदा तूच जाऊन तिचं इंजिन घासून दे ना.