दादाच्या कॉम्प्युटरचा ताप

रविवार संध्याकाळ, कोपरी

जिंकलो! दादा गेल्यापासून त्याने स्वतः जोडलेला कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. दुकानदार म्हणाला, प्रोसेसर गेला, भंगारात द्या. मीही प्रोसेसरचं तापमान पाहिलं होतं, चाळीस अंशच. पण झाकण उघडं, समोर टेबलफॅन आणि कॉम्प्युटरला काम काहीच दिलेलं नाही. ही कसली तपासणी?

आज झाकण लावलं, फॅन हटवला, जड प्रोग्रॅम चालवून प्रोसेसरला अर्धा तास पूर्ण भार दिला. पंच्याण्णव अंश, आणि बंद! म्हणजे उष्णताच. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट सुकून खडू झालेली. पुसून नवी लावली. झाकण लावून पुन्हा तेवढाच भार. सत्तरच्या वर जाईना.

वहिनी बघत होती. "भाऊजी, खरंच वाचला?"

"वाचला."

"मग भंगारवाल्याला कळवा, येऊ नको म्हणून."

लगेच फोन केला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.