बाफल्यांवरचा आळ

धार, ६ फेब्रुवारी

चि. कृतिकास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

देवासहून काल सुखरूप पोहोचले, पण मान खाली घालून. राजवर्धनचं स्थळ मीच आणलं होतं ना! मुलगी बघायला आलेला मुलगा तिच्यासमोरच सोफ्यावर कलंडतो, हे आपल्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. त्याची आई म्हणाली, दाल-बाफले जड झाले, कणकेचे गोळे आणि वर एवढं तूप. माळव्यात कोणी दुपारी घोरलं की आळ बाफल्यांवरच येतो. मी चार खाऊनही ताठ बसले होते.

तुझे बाबा म्हणतात, झोपाळू जावई नको. रविवारी मी नकार कळवते. पण तो कलंडण्याआधी तू त्याच्या कानात काय कुजबुजलीस, ते आधी सांग. पत्रानंच सांग, फोनवर बोललीस की बाबा ऐकतात.

चिडलेली, तरी तुझीच,
जानकीआत्या

देवास, १० फेब्रुवारी

ती. आत्यासाहेबांस,
कृतिकाचा शि. सा. न. वि. वि.

नकार कळवू नका. बाफले निर्दोष आहेत आणि राजवर्धन झोपलेच नव्हते. निघताना त्यांनी मला स्वतःहून सगळं सांगितलं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तेव्हा थोडं तुम्हालाही शिकवू द्या. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. जागं ठेवणाऱ्या बाकीच्या पेशींना तो सारखा हलवत राहतो, घरातल्या आत्यासारखा. माणूस काय, कुत्रंमांजर काय, त्याच्याच जोरावर दिवसा धड जागं राहतं. राजवर्धनच्या या पेशी कॉलेजात असतानाच गेल्या. त्यामुळे त्यांना भरदुपारी झोप गाठते. आणि मनापासून हसू आलं की अंग गळून जातं, आपलं झोपेत स्वप्न पडताना गळतं तसं. शुद्ध मात्र पूर्ण असते. ते पडल्यावर तुम्ही त्यांना जे जे बोललात, ते त्यांनी सगळं ऐकलंय. औषध चालू आहे, नोकरीही नीट चालली आहे.

मी एवढंच कुजबुजले होते, की आत्यासाहेब पाचव्या बाफल्याकडे अशा बघतायत, जणू त्यालाच जावई करून घ्यायचाय.

आधीची तिन्ही स्थळं माझ्या प्रत्येक वाक्याला ही ही करून हसली. यांना खोटं हसून पडता येत नाही. मला हेच हवेत, आत्यासाहेब. बाबा फक्त तुमचं ऐकतात. हवं तर पारखून घ्या.

आपल्या मायेवर हक्क सांगणारी,
कृतिका

धार, १७ फेब्रुवारी

चि. कृतिकास,
अनेक आशीर्वाद, आणि जिभेला थोडा लगाम.

राजवर्धनला काल जेवायला बोलावलं. जेवणाआधी विचारून दहा मिनिटं पडला, उठून चादर स्वतः घडी केली. मग मी माझा ठेवणीतला किस्सा सांगितला, घोडी मांडवात शिरल्याचा. तो अदबीनं हसला आणि खांबासारखा उभा राहिला. मी काय ते समजले. नंतर पानावर मुद्दाम बाफले वाढले आणि पाचव्याकडे नुसतं पाहिलं. स्वारी लगेच गळाली. बरं झालं, मी उशी घेऊनच बसले होते.

तुझ्या बाबांना होकार कळवला आहे. एकच अट. अंतरपाट खाली येईपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस.

घोडीच्या त्याच किस्स्यावर आमचे हे तीस वर्षं पोट धरून हसतायत. गुडघा एकदाही लटपटला नाही. आज त्यांना जरा विचारायचंय.

तुझी, नव्यानं शंकेत पडलेली,
जानकीआत्या