रविवारपर्यंत धरून ठेवलेले आडू

धुळे
९ जून २०२५

ती. ज्ञानेश्वरभाऊंस,
दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करता आला असता, पण या दोन खोल्यांत आबांना ऐकू जाणार नाही असा कोपरा नाही. आणि तुमच्या बटणाच्या फोनवर मोठा मजकूर पाठवला तर तुम्ही पहिली ओळ वाचून फोन खिशात टाकता. म्हणून पत्र.

शनिवारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. अन्ननलिकेतली गाठ वाढली आहे. मऊ, पातळ असं काही अजून दोन आठवडे उतरेल, पुढे पाणीही कठीण. आबांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, त्यावरून त्यांना कळलं असावं.

काल त्यांनी आडू मागितला. हिमाचलात रस्त्याच्या कामावर सात वर्षं होते तेव्हा झाडाखाली उभं राहून खायचे, रस कोपरापर्यंत ओघळायचा, हे आपण दोघांनी लहानपणी कितीदा ऐकलंय. आज मी पाचकंदिलाच्या बाजारात गेले. मोईजभाई फळवाल्याकडे ‘पीच’ म्हणून एकच पेटी आली होती, त्यातले आठ घेतले. दिसायला लालभडक, हाताला दगड. मोईजभाई म्हणाले की लालीवर जाऊ नका ताई, लाली उन्हाची असते. देठाजवळची हिरवी झाक जाऊन पिवळी आली, वास सुटला आणि अंगठा नुसता टेकवला तरी देठाकडचा भाग जरा दबला, की झालं. मी तिसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हा ते म्हणाले की परीक्षा आहे का ताई उद्या.

केळी पिकवण्यात तुमची तीस वर्षं गेली. आडूचं काय करायचं ते कळवा. आबांना गिळता येतंय तोवर हे पिकायला हवेत, एवढंच मला हवं आहे. रोज वहीत नोंद ठेवते, पण दिवस फळांचे मोजते आहे की आबांचे, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही.

कोकिळावहिनींना नमस्कार. रागवायचं झालं तर तेही पत्रातूनच रागवा, पण लिहा.

आपली,
दिपमाला


सावदा
११ जून २०२५

चि. दिपमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग तुझ्या वहिनीकडून वाचून घेतलं. मजकूर बदलला नाही.

सांगतो तसं कर. आडू कागदी पिशवीत घाल, सोबत आपली दोन पिवळी केळी. तोंड दुमडून धान्याच्या कोठीवर ठेव. प्लॅस्टिक नको, घाम सुटून फळ सडतं. रोज एकदा उलटव. दाबू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, दर तासाला बघशील आणि आठही फळांवर तुझ्या अंगठ्याचे डाग पडतील. मग तेही वहीत लिहिशील.

आता माझं एक मागणं. मी रविवारी, बावीसला येतो. त्याआधी निघता येत नाही. केळी पिकवायच्या चेंबरचा कॉम्प्रेसर बिघडलाय आणि चौदाशे क्रेट आत आहेत. देठाजवळ पिवळं दिसायला लागलं की फळं फ्रिजमध्ये ठेव. गारव्यात पिकणं थांबतं. गाडी उशिरा येणार असली की आम्ही माल असाच धरून ठेवतो. शनिवारी बाहेर काढ, रविवारी नेमके तयार होतील. मी माझ्या हातानं चिरून देईन.

माझ्या चेंबरचं केळं आबांनी आजवर तोंडात घातलेलं नाही. बळजबरीनं पिकाडेल शे, म्हणतात. पूर्वी आम्ही कार्बाइडची पावडर वापरायचो, तेव्हा त्यांचं खोटं नव्हतं. पण ती सोडून पंधरा वर्षं झाली, आणि त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही. माझ्या सांगण्यानं पिकलेलं एक फळ त्यांनी खावं. त्यांच्याकडून दुसरं काही नको.

तू वेळेवर जेवत जा. तुझ्यावरची माया पत्रात मावणारी नाही, समजून घे.

तुझा,
भाऊ


धुळे
९ जुलै २०२५

ती. भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तेरावं झालं आणि तुम्ही गेलात. इतक्या दिवसांत तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. खरं लिहायचं तर मी ती राहू दिली.

सोळा जूनला, सोमवारी, तुम्ही लिहिल्याप्रमाणे मी आडू फ्रिजमध्ये ठेवायला काढले. सात अर्धवट होते. आठवा पूर्ण झाला होता. पिशवी उघडली तसा वास खोलीभर पसरला. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. न वळता म्हणाले की एक पिकी गया, दे.

मी म्हटलं की भाऊ रविवारी येताहेत, त्यांच्या हातचा खा. ते म्हणाले की बरं, ज्ञानाले येऊ दे. त्या सकाळी त्यांनी अर्धी वाटी पेज न खोकता घेतली होती. आडूही उतरला असता. मी तो आठवाही आत ठेवला.

का ठेवला, हे तेव्हापासून वहीत लिहून पाहते आहे. तुमचा शब्द मोडायचा नव्हता, हे एक. वैशाखात आखाजीला पितरांची आगारी विस्तवावर टाकल्याशिवाय घरात आंबा खायचा नाही, हे आबांनीच लावलेलं वळण. थांबणं म्हणजे मान देणं, असं मी धरून चालले. आणि आणखी एक, जे लिहायला जड जातं. फळ ठेवलं तर रविवारपर्यंत त्यांना राहावंच लागेल, असं मला कुठेतरी वाटत होतं. ते राहिले. पण शुक्रवारपासून गिळणं बंद झालं, आणि ते तुम्ही आलात तेव्हा मी दारात सांगितलं नाही.

रविवारी तुम्ही फोड त्यांच्या तोंडात दिलीत. ते म्हणाले की गोड शे, चांगलं पिकाडं. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही हात धुवायला मोरीत गेलात, तेव्हा त्यांनी ती फोड माझ्या तळहातावर काढून दिली. आख्खी होती. मी मूठ मिटली. बुधवारी ते गेले.

हे लिहून तुमच्याकडून काय काढून घेते आहे, ते मला कळतं. न लिहिता तुमच्यासमोर बसणंही जमत नव्हतं. सोमवारचं देणं माझ्याकडे लागतं, भाऊ. तुमच्याकडे नाही.

मायेत कमी करावंसं वाटलं तर समजून घेईन.

दिपमाला


सावदा
१४ जुलै २०२५

चि. दिपमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी निघताना तू एक आडू माझ्या पिशवीत बांधून दिला होतास. एरंडोल सोडल्यावर बसमध्ये काढला. रंग चांगला, हाताला मऊ. आत नुसता कापूस. रस नाही, वास नाही. इथे एका फळवाल्याला विचारलं, तर म्हणाला की आडू अर्धा पिकलेला असताना गारव्यात ठेवला की असाच होतो. आधी पूर्ण पिकू द्यायचा, मग हवं तर फ्रिज. मी केळ्याचा हिशेब आडूला लावला. तीस वर्षांत कोणी विचारलं नाही, म्हणून मला आडूचं काही येत नाही हे मलाही कळलं नव्हतं.

म्हणजे फोड तोंडात जाताच आबांना कळलं असणार. झाडाखाली उभं राहून सात वर्षं खाल्लेला माणूस. तरी गोड शे म्हणाले. हे मला रविवारपासून ठाऊक आहे, तेराव्याला तुझ्यासमोर बसलो होतो तेव्हाही होतं. मला वाटत होतं की माझ्यासाठी त्यांनी तो कापूस गिळला तरी. आता तेही नाही.

तू काही काढून घेतलं नाहीस. सोमवारचं तुझ्याकडे लागत नाही. ठेव म्हणून मी लिहिलं होतं.

बसमधला तो मी फेकला नाही. जळगाव येईपर्यंत सगळा खाल्ला.

येत्या आखाजीला आबांची पहिली आगारी. तेव्हा बाजारात आडू आलेला नसतो. त्यांच्या नावानं काय टाकायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही.

माया आहे तेवढीच आहे. पत्र टाकत जा.

तुझा,
भाऊ