अण्णांच्या फियाटचे मूळ नटबोल्ट

खोपट, ठाणे
३ नोव्हेंबर २०२५

चि. केदारास त्र्यंबकदादाचे अनेक आशीर्वाद.

अण्णांची फियाट विकली गेली. काल संध्याकाळी पुण्याच्या अनिमेष देवस्थळींनी स्वतः फोन करून व्यवहार पक्का केला. फोनवर तू चिडतोस, म्हणून पत्र. तेवीस तारखेच्या रविवारी ते माझ्याकडे गाडी न्यायला येतील. तेवढे बंपरचे बोल्ट पुसून ठेव. गुडघा कसा आहे? गाडीखाली लोळणं आता संपलं, सगुणाला हायसं वाटेल.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा


कल्याण
७ नोव्हेंबर

ती. दादास केदारचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. कागदोपत्री गाडी तुझी, हे मान्य. पण बाजारचा एकही नवा स्क्रू न लावता उभी केलीस तर गाडी तुला, तुझ्या ऋजुताची पाठवणी तिच्यातूनच करू, असं आईच्या वर्षश्राद्धाला तू सगळ्यांसमोर म्हणालेलास. त्यासाठी चार वर्षं मी कुर्ल्याचं भंगार उपसलं. दाराच्या बिजागरीचे स्क्रू मिळेनात, म्हणून मुरबाडहून एक मेलेली फियाट आख्खी उचलली. गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजवून सोडवले, डोंबिवलीहून मुलामा देऊन आणले. तू भिंग लावून बघायचास आणि याचं डोकं चपटं, तो वॉशर पातळ, म्हणत परत पाठवायचास. मला वाटायचं, दादाला अण्णांची किती आठवण येते!

माघात लग्न आहे. पोरीने मैत्रिणींना सांगूनही टाकलंय. तेवढं होईपर्यंत तरी थांब.

वहिनींना नमस्कार. लोभ कमी झाला नसावा, ही आशा.
तुझा,
केदार


खोपट, ठाणे
१२ नोव्हेंबर

चि. केदारास आशीर्वाद.

भिंग माझं होतं, आवड देवस्थळींची. मूळचे नटबोल्ट असतील तरच घेईन, असं ते चार वर्षांपूर्वीच म्हणाले होते. कुठल्या गॅरेजवाल्याने एवढी वणवण केली असती? तुला आशा होती, म्हणून तू केलीस. तुझीही हौस फिटलीच की. ऋजुतासाठी भाड्याची एखादी छान गाडी बघू, तिच्यावरची फुलं माझ्याकडून.

गाडी सुरू करताना चोक किती ओढायचा ते तुलाच कळतं, तेव्हा गाडी तूच चालवत आण. देवस्थळी तुला माझा मेकॅनिक समजतात. मी खोडून काढलं नाही. घरच्याने केलेलं काम म्हटलं की लोक नाक मुरडतात. त्यांच्यासमोर मला दादा म्हणू नकोस, साहेब म्हण. ते गेले की वर ये. वहिनी अळूवड्या करणार आहे.

राग धरू नये, जीव लावावा.
तुझा,
दादा


कल्याण
१७ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रविवारी सकाळी दहाला गाडी आणतो. चोक देवस्थळींना शिकवीन. तुला साहेब म्हणेन, त्यात चूक होणार नाही.

ऋजुता सोबत येतेय. पाठवणीला नाही तर नाही, एकदा कल्याण ते खोपट आजोबांच्या गाडीत बसते म्हणाली. साहेब-मेकॅनिकचं मी तिला काही सांगितलेलं नाही. गाडी थांबली की ती उतरेल आणि नेहमीसारखी काका, काका करत तुझ्या पाया पडायला येईल.

तिला तरी आशीर्वाद दे.
केदार